दुसरा नमुना

जगात नमुने पुष्कळ आहेत आणि त्यातले निम्मे पुण्यात राहतात, असं बाहेरगावचे लोक म्हणतात. पण नमुन्यांवरच सगळी हयात काढलेला आणि स्वतःही तितकाच अस्सल असलेला नमुना माझ्या पाहण्यात एकच, आणि तो म्हणजे माझ्या लेकीची सासू. आमच्या विहीणबाई. त्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होत्या, आधी नागपुरात आणि मग बदली होऊन पुण्यात. तिथं सिरॉलॉजी नावाचा एक विभाग असतो. नळीतलं रक्त गोठून खाली बसलं की वर पिवळसर पाणी राहतं. शरीर आजवर कोणकोणत्या रोगांशी लढलं त्याच्या खुणा त्या पाण्यात असतात. त्यांना अँटिबॉडी म्हणतात, आणि त्या शोधून माणसाला काय झालंय नि काय होऊन गेलंय ते सांगणं, हे विहीणबाईंचं काम. हे सगळं मला आता पाठ आहे, कारण ते मी चहाबरोबर, जेवणाबरोबर आणि एकदा तर चक्क कोणाच्या तरी मुंजीच्या पंगतीत जिलबीबरोबर ऐकलेलं आहे. माझा स्वतःचा धंदा कसबा पेठेत लग्नपत्रिका छापण्याचा. रक्ताशी माझा संबंध दाढी करताना यायचा तेवढाच.

त्यांची नि माझी पहिली भेट झाली ती मुलांनी एकमेकांना परस्पर पसंत करून टाकल्यावर. दोघंही खराडीत एकाच कंपनीत, त्यामुळे मोठ्यांकडे आता पोहे खाणं आणि हो म्हणणं एवढंच काम उरलं होतं. विहीणबाई आल्या, पोहे खाल्ले, लेकीला दोन-चार प्रश्न विचारले. त्यातला एक "तुला कांजिण्या कितव्या वर्षी आल्या?" असा होता. उत्तर मी दिलं. त्यावर "बाबा, मला विचारलंय त्यांनी," असं म्हणून लेक पाहुण्यांसमोर माझ्यावर उखडली. झालं, आता हे स्थळ गेलं, असं मी मनात म्हटलं. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी धीर करून "मग, काय वाटलं आपल्याला?" असं विचारलं, तर बाई पर्स उचलत म्हणाल्या, "एका नमुन्यावरून मी मत देत नाही. पंधरवड्यानं पुन्हा येते नं."

आमच्याकडे त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. माझी लेक म्हणजे नमुना, आणि तोही पहिला, ही कल्पना पचायला वेळ लागला. पंधरवडा संपत आला तेव्हा त्यांचा फोन आला. "उद्या येतो आम्ही. पोहेच करा, मागच्यासारखे. खुर्चीही तीच द्या मला." सौ. म्हणाल्या, "मागच्या वेळी मीठ जरा कमी पडलं होतं हो, या वेळी नीट करते." तर त्या घाईघाईनं म्हणाल्या, "नको नको, तेवढंच कमी राहू द्या. काहीच बदलू नका." तर त्या आल्या, अळणी पोहे आवडीनं खाल्ले, मी पुन्हा लेकीच्या वतीनं काहीतरी बोललो आणि ती पुन्हा माझ्यावर उखडली. जिना उतरताना विहीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरीला राग येतो. पण दोन्ही वेळेला सारखाच आला. म्हणजे नवा नाही, जुना आहे. जुन्याचं भय नसते इवाई, चढत असते त्याचं असते." नागपूरकडे व्याह्याला इवाई म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जावयानं मागून खुणेनं सांगितलं, तेव्हा लग्न ठरल्याचं मला कळलं.

त्यांचं कुटुंब बौद्ध, आम्ही पेठेतले. लग्न दोन्ही पद्धतींनी झालं आणि कोणी उघडपणे काही बोललं नाही, पण न बोलता बोलण्याची कला आमच्याकडे पिढीजात आहे. माझी एक आत्या स्टेजवर अक्षतांचं तबक हातात घेऊन उभी होती. कशावरून कोण जाणे, मुलांनी स्वतःच लग्न ठरवण्याचा विषय निघाला आणि ती हसत हसत म्हणाली, "आमच्या रक्तात नाही हो असलं काही." विहीणबाईंनी मान वळवली आणि अगदी कळकळीनं विचारलं, "कुठं तपासलं होतं?" आत्या तबक घेऊन स्टेजवरून खाली उतरली. इतक्या कमी शब्दांत एवढा अपमान करायला पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या साधना करावी लागते, आणि या बाईंना तो करायचाच नव्हता. त्यांना खरोखर प्रयोगशाळेचं नाव हवं होतं. मग त्यांनीच आत्याला हाताला धरून शेजारी बसवलं आणि लहानपणी तिला गोवर आला होता का, याची चौकशी केली. माणसाला गोवर आठवत नाही, त्याच्या रक्ताला आठवतो, असं त्या नेहमी म्हणत. दोघींचं त्यानंतर इतकं जमलं, की आत्या आता माझ्याऐवजी त्यांना फोन करते.

कुठलीही गोष्ट नुसती चाखून चांगली की वाईट हे ठरवता येतं, यावर त्यांचा विश्वास नाही. प्रयोगशाळेत तपासायच्या नळीच्या एका बाजूला नक्की रोग असलेल्याची नळी ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला नक्की रोग नसलेल्याची. त्या दोघींनी आपापली खरी उत्तरं दिली तरच मधलीवर विश्वास ठेवायचा. ही शिस्त बाईंनी स्वयंपाकघरात आणली. नव्या लोणच्याची चव घ्यायची तर शेजारी मागच्या वर्षीचं मुरलेलं आणि एका शेजारणीचं बिघडलेलं, अशा तीन वाट्या मांडल्या जात. ती बिघडलेली बरणी त्या जपून ठेवत आणि शेजारणीला वाटे, आपलं लोणचं यांना किती आवडतं. आंबे घ्यायला मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्यांनी पिशवीतून दोन डबे काढले. एकात घरच्या गोड आंब्याची फोड, दुसऱ्यात मुद्दाम आणलेल्या आंबट आंब्याची. आधी ही, मग ती, मग विक्रेत्याची. विक्रेता बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, आंबा घ्यायचाय का दहावीला बसवायचाय?" त्यावर बाई म्हणाल्या, "बसवला. पास आहे. द्या दोन डझन."

माझं दुखणं तर त्यांनी दिवसाढवळ्या पळवलं. मला एकदा ताप आला, रक्त तपासलं आणि टायफॉइड निघाला. ही बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. मोसंबी आली, शहाळी आली, पत्रिकेचं बिल थकवलेला एक माणूसही भेटून गेला. मीही उशीला टेकून अगदी क्षीण आवाजात बोलण्याचा सराव केला होता. विहीणबाईंनी रिपोर्ट हातात घेतला, चष्मा वर केला आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाल्या, "हा टायफॉइड तुम्हाला कॉलेजात असताना झाला असेल इवाई. त्याची ही सावली आहे. आता नुसती सर्दी आहे, उठा." मी म्हटलं, "अहो, पण पॉझिटिव्ह लिहिलंय इथं." त्या म्हणाल्या, "दुसरा नमुना देऊ पंधरवड्यानं. चढला तर टायफॉइड." दुसऱ्या नमुन्यापर्यंत मी टुणटुणीत बरा झालो आणि आकडा होता तिथंच होता. माझा टायफॉइड गेला तो गेला, वर मोसंबी आणणाऱ्यांच्या नजरेत मी ढोंगी ठरलो.

पॉझिटिव्ह या शब्दावर त्यांचा खास राग आहे. खराडीच्या त्यांच्या सोसायटीत एकदा एक वक्ते आले होते. माणसानं सदैव पॉझिटिव्ह असावं, असं ते घसा ताणून सांगत होते. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कशाला पॉझिटिव्ह? आणि आयजीएम की आयजीजी?" वक्त्यांना वाटलं, या परीक्षांबद्दल विचारताहेत. मलाही ही दोन नावं कळत नव्हती, म्हणून त्यांनी ती माझ्या धंद्याच्या भाषेत समजावून दिली. आयजीएम म्हणजे लग्नघरी सगळ्यांत आधी धावत येणारे पाहुणे. आरडाओरडा फार, काम बेताचं, आणि थोड्याच दिवसांत पसार. आयजीजी म्हणजे उशिरा येणारी, पण मांडव उतरला तरी राहून घर सांभाळणारी मंडळी. आधीचे दिसले तर समजावं लग्न आत्ता चालू आहे, नंतरची दिसली तर लग्न होऊन गेलंय. "पण गंमत अशी नं, की पहिल्यातले काही पाहुणे चिकट निघतात. लग्न होऊन वर्ष झालं तरी ओसरीत बसलेलेच. आणि लोक त्यांना पाहून म्हणतात, अरे, इथं तर आज लग्न आहे." हे ऐकून मी मनसोक्त हसलो होतो. पुढे हे चिकट पाहुणे आमच्याच ओसरीत येऊन बसणार आहेत, हे कोणाला ठाऊक.

लेकीला दिवस गेले. चौथा महिना लागला असताना नेहमीच्या तपासण्यांबरोबर एक जादा तपासणी झाली आणि तिच्या रक्तात टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूच्या अँटिबॉडी सापडल्या, दोन्ही जातींच्या, आयजीएमही आणि आयजीजीही. हा जंतू मांजरांच्या विष्ठेतून, न धुतलेल्या भाजीतून येतो. मोठ्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण गरोदरपणात नव्यानं झाला तर बाळाच्या डोळ्यांवर, मेंदूवर घाला घालू शकतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सरळ होत्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, की लागण आत्ताची असेल तर धोका आहे, जुनी असेल तर नाही. किती जुनी ते पाहायची आणखी एक तपासणी केली, तिचं उत्तर अधलंमधलं आलंय. बाळाभोवतीचं पाणी काढून तपासायचाही एक मार्ग होता, पण त्यातही थोडा धोका होता आणि लेकीनं तो नको म्हटलं. "काही जोडपी अशा वेळी पुढे न जायचं ठरवतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तसं काही असेल तर फार उशीर करून चालणार नाही."

घरी आल्यावर सौ. छापखान्याजवळच्या मांजरांना शिव्या देत रडल्या. त्या मांजरांना लेकीनं लहानपणापासून दूध घातलं होतं. लेक आत जाऊन पडली. जावई हवालदिल होऊन आपल्या आईकडे पाहत होता, आम्हीही सगळे त्यांच्याकडेच पाहत होतो. आणि त्या म्हणाल्या, "पंधरवड्यानं दुसरा नमुना घेऊ."

माझा तोल गेला. "अहो विहीणबाई, हा पोह्यांचा कार्यक्रम नाही. पोरीच्या पोटातलं मूल आहे ते."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "एका आकड्यावरून लोकांनी काय काय करून घेतलेलं मी पाहिलंय इवाई. आकडा देणारा देतो आणि चहा प्यायला निघून जातो. आपण घाई करायची नाही, आणि फार उशीरही करायचा नाही. पंधरवडा पुरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी न येता आधी लॅबमध्ये जाऊन बसल्या. पहिल्या नमुन्यातलं उरलेलं पाणी लॅबवाले काही दिवसांनी फेकून देतात. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "आजी, सॅम्पल आम्ही एवढे दिवस ठेवत नाही, डिस्कार्ड करतो." त्या म्हणाल्या, "म्हणूनच आले." तो गोठवून ठेवायला राजी होईपर्यंत त्या बाकावरून हलल्या नाहीत. पहिली नळी आज तपासली आणि दुसरी पुढे कधीतरी, तर हाताचा फरक पडतो, तपासायच्या रसायनाचा पडतो, यंत्राचा पडतो. दोन्ही नळ्या एका दिवशी, एका ताटात, एका हातानं तपासल्या तरच त्यांची तुलना करायची, हे त्यांच्या विद्येतलं पहिलं सूत्र.

तो पंधरवडा कसा गेला ते आम्हालाच माहीत. लेक आमच्याकडे राहायला आली होती. विहीणबाई रोज खराडीहून दोन बस बदलून कसब्यात येत आणि स्वयंपाकघरात बसून पालेभाजी एकेक पान करून धूत. एरवी चहा पितानाही जंतूंची गोष्ट सांगणारी ही बाई त्या दिवसांत तपासणीबद्दल एक अक्षर बोलली नाही. मधेच जावयाला धीर धरवेना. तो बायकोला घेऊन गुपचूप दुसऱ्या एका लॅबमध्ये जाऊन आला, आणि तिथला आकडा पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त निघाला. त्यानं लॅपटॉपवर दोन ठिपक्यांचा आलेख काढला. रेघ सरळ आभाळाकडे गेली होती. "चढलंय, आई," असं म्हणून त्यानं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. विहीणबाईंनी हातातली मेथी खाली ठेवली.

"ही तपासणी कुठल्या लॅबची?"

"दुसऱ्या. जवळच्या."

"म्हणजे दोन वेगळ्या काट्यांवर वजन केलं आणि पोरगी जाड झाली म्हणून राहिला तू," त्या म्हणाल्या. "त्यांचं माप वेगळं, यांचं वेगळं. पूस ती रेघ." त्यानं ती पुसली. त्या परत मेथी निवडायला लागल्या, पण त्यांनी चांगली पानं कचऱ्यात टाकली आणि देठ पातेल्यात, हे आमच्या सौ.नी पाहिलं. त्यांनीच नंतर ते उलटं करून ठेवलं. बाईंना भीती वाटते हे आम्हाला कळलं ते असं, आणि खरं सांगतो, मला त्यानं बरं वाटलं. एकट्यानं घाबरण्यापेक्षा ते बरं.

दोन्ही नळ्या एका दिवशी एका ताटात तपासल्या गेल्या. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. विहीणबाईंनी तो कागद लेकीच्या पुढ्यात ठेवला आणि तिच्या समोर बसल्या. आम्ही सगळे आजूबाजूला उभे होतो, पण त्या बोलल्या फक्त तिच्याशी. "चढलेलं नाही. म्हणजे आजार जुना आहे, बहुतेक तुला दिवस जायच्या आधीचा. ते पाहुणे चिकट आहेत. बाळापर्यंत काही पोचलेलं नसावं. पण मी 'नसावं' म्हणते, 'नाही' म्हणत नाही. 'नाही' म्हणता येईल असं आज माझ्यापाशी काही नाही."

लेकीनं विचारलं, "आई, तुमच्या स्वतःच्या लेकीला काय सांगितलं असतं तुम्ही?"

"हेच. लेकीला खोटं नाही सांगत कोणी."

माझ्या लेकीनं त्या कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "मग मला 'बहुतेक' पुरे आहे." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदाच ते आपणहून मिटलं.

बाकीचे महिने गोळ्या, सोनोग्राफ्या आणि धुतलेल्या भाज्या यांत गेले आणि आम्हाला नात झाली. गोरी नाही, गोमटी नाही, आजीसारखी सावळी आणि कपाळाला आठी घालून पाहणारी. सगळं जागच्या जागी होतं. मग तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यात तोच शब्द होता. पॉझिटिव्ह. विहीणबाईंनी कागद वाचला आणि मला खुर्चीत बसवून म्हणाल्या, "घाबरू नका. आरडाओरडा करणारे हिच्यात नाहीत. आहेत ते दुसरे, राहणारे. आणि ते हिचे नाहीत, हिच्या आईचे आहेत." आई नाळेतून बाळाला आपल्या अँटिबॉडी देते, असं त्यांनी सांगितलं. आयुष्यभरात आईनं जे जे सोसलं, त्यातून कमावलेली शिदोरी ती लेकराला बांधून देते, म्हणजे पहिले काही महिने त्याला कोणी हात लावू नये. "आता ही शिदोरी असेल तर हळूहळू संपेल. आणि हिची स्वतःची असेल, तर वाढेल. पाहत राहायचं. दुसरा उपाय नाही."

तेव्हापासून आमच्या घरात एक उलटाच नवस सुरू झाला. लोकांना आपल्या नातवंडांचं वजन वाढावं, उंची वाढावी, दात वाढावेत असं वाटतं. आम्ही सगळे नातीच्या अंगातलं काहीतरी कमी व्हावं म्हणून हात जोडून होतो. मधून मधून तिला सुई टोचली जाई. आयुष्यभर लोकांच्या रक्ताशी खेळलेल्या विहीणबाई त्या वेळी काही ना काही निमित्त काढून बाहेर व्हरांड्यात जात आणि रडणं थांबल्याशिवाय आत येत नसत. आकडा उतरत होता. एका खेपेला तो जागचा फारसा हलला नाही, तेव्हा त्या आठवडाभर पुन्हा पालेभाजी एकेक पान करून धूत बसल्या. पुढच्या खेपेला तो पुन्हा घसरला. आणि नातीच्या पहिल्या वाढदिवसाच्या थोडं आधी शेवटचा रिपोर्ट आला. काहीही उरलेलं नव्हतं. जे होतं ते आईचं होतं आणि ते संपलं होतं. नात निखळ निरोगी होती.

जावयानं फोनवर सगळ्यांना कळवलं. सौ.नी देवापुढे साखर ठेवली आणि आत्यानं पलीकडून रडून घेतलं. दुपारी विहीणबाई माझ्या छापखान्यात आल्या. मी म्हटलं, "या, विहीणबाई. आज तुम्ही जिंकलात." त्या माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. कागद त्यांच्या मांडीवर होता.

"चांगला रिपोर्ट आहे इवाई," त्या म्हणाल्या. "याच्याहून चांगला येत नाही."

मी पेढे मागवले. आले, पण त्यांनी हातातला पेढा तसाच धरून ठेवला. मग कोणा दुसऱ्याचीच हकिगत सांगत असल्यासारख्या म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा मी हिच्याएवढीही नव्हते. फोटो नाही तिचा. तेव्हा कोण काढत होतं आमच्याकडं फोटो. आवाज आठवत नाही, काहीच नाही. कॉलेजात सरांनी एकदा फळ्यावर रेघ काढली, आईनं दिलेलं लेकराच्या रक्तातून कसं कसं उतरत जातं त्याची. पहिल्या वर्षाच्या आत रेघ खाली टेकली. मी वर्गातून उठून बाहेर गेले. माझ्यापाशी तिचं तेवढंच होतं नं. ते होतं हेसुद्धा मला त्याच दिवशी कळलं, आणि संपलं हेही त्याच दिवशी."

  ही बाई इतकी वर्षं लोकांच्या रक्तात काय उरलंय ते का शोधत बसली होती, ते मला एकाएकी समजलं, आणि त्या मला माझ्या सख्ख्या बहिणीहून जवळच्या वाटल्या. तसं त्यांना सांगायला हवं होतं. मी उठून नुसता पंखा मोठा केला.

थोड्या वेळानं आम्ही दोघं वर घरात गेलो, लेक नातीला घेऊन तिथंच आली होती. नातीला सकाळपासून शिंका येत होत्या, अंग जरा कोमट लागत होतं. आजवर तिला साधं पडसंसुद्धा झालेलं नव्हतं, त्यामुळे लेक कावरीबावरी होऊन डॉक्टरांचा नंबर शोधत होती. विहीणबाईंनी नातीला उचलून मांडीवर घेतलं, तिच्या कपाळाला हात लावला आणि लेकीला म्हणाल्या, "राहू दे. साधी सर्दी आहे." मग त्यांनी पदरानं तिचं वाहतं नाक पुसलं. नातीनं आठी घालून त्यांच्याकडे पाहिलं आणि आणखी एकदा शिंकली.

"जमव गं माय," त्या तिला म्हणाल्या, "आता तुझी शिदोरी तू जमव." आणि तिला छातीशी धरून संध्याकाळपर्यंत तशाच बसून राहिल्या.